अंदाजाचे शब्द

ऑफिसात तिला सगळे दुभाषी म्हणायचे. भाषा तिला घरातली एकच धड यायची, पण काम मात्र दुभाष्याचंच होतं. लोक आपल्या बोलीत जे मागतात, ते इंजिनिअर लोकांच्या बोलीत सांगायचं. पेशंट म्हणायचा, "बटण जड जातंय." इंजिनिअर विचारायचा, "जड म्हणजे किती?" मग दुभाषी परत त्या पेशंटच्या घरी जायची, त्याच्या बोटाखाली वजनाचा काटा ठेवून बघायची आणि आकडा घेऊन यायची. त्या आकड्याला तिथं रिक्वायरमेंट म्हणत. आकडा नसला तर निदान पास की नापास असं ठरवता येईल असं वाक्य तरी लागायचं. नुसत्या हळहळीला त्या ऑफिसात कुणी विचारत नसे.

प्रत्येक वाक्याच्या शेवटी दोनांपैकी एक शेपूट असायचं: 'पाहिजे' किंवा 'असलं तर बरं'. 'पाहिजे' म्हणजे ते केल्याशिवाय माल कारखान्याबाहेर पडायचा नाही. आणि 'असलं तर बरं' म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ते कधीच होत नसे.

त्या वर्षी कंपनी बोलकी पाटी करत होती. ज्यांची वाचा गेली, हातही गेले, एखादं बोट तेवढं हलतं, अशांसाठी. पाटीवर अक्षरांच्या ओळी. ओळींवरून एक उजेडाचा पट्टा सरकत जायचा. आपल्या अक्षरावर आला की बटण दाबायचं. अक्षराला अक्षर जोडून शब्द झाला की पाटी तो मोठ्यानं बोलायची. कोणाला काय बोलायचं असतं ते समजून घ्यायला दुभाषीला घरोघरी पाठवलं होतं, आणि असंच एका घरी तिची तोफेशी गाठ पडली.

तोफ हे त्या बाईंना गल्लीनं दिलेलं नाव. नवराबायकोचं इस्त्रीचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. नवरा मुकाट्यानं कपडे इस्त्री करायचा आणि बाई गल्ल्यावर बसून जगाची इस्त्री करायच्या. उशिरा कपडे न्यायला येणाऱ्याला, चुरगळलेली नोट पुढं करणाऱ्याला, कुणाकुणाला सोडायच्या नाहीत. तरी गिऱ्हाईक तुटलं नव्हतं. त्यांच्या शिव्या खाल्ल्या की दिवस बरा जातो, असं लोक म्हणत. मग दुखणं आलं. आधी हातातली बांगडी चढवताना बोटं ऐकेनात, मग पाय, मग जीभ. नसांचा आजार. डोकं जिथल्या तिथं शाबूत आणि शरीर एकेक खोली बंद करत चाललेलं. दुभाषी गेली तेव्हा उजव्या हाताचा अंगठा तेवढा त्यांच्या मालकीचा उरला होता.

मागच्या खोलीत खाट होती. भिंतीपलीकडून इस्त्रीचा वाफाळ वास यायचा. दुभाषी खाटेजवळ उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मावशी, तुम्हाला दिवसभरात काय काय सांगावंसं वाटतं?"

"तिला काय सांगायचं असणार?" नवरा दारातून म्हणाला. हातात कुणाचा तरी शर्ट होता. "पाणी, कूस बदल, पंखा कमी कर. बाकीचं मला न सांगताच कळतं. इतकी वर्षं झाली, तिच्या मनातलं मला तिच्या आधी कळतं."

बाईंनी डोळे फिरवले. त्यांची मुलगी उशाशी बसली होती, कॉलेज सोडून घरी राहिलेली. ती म्हणाली, "थांबा ताई, आई काहीतरी म्हणतेय." आणि तिनं मुळाक्षरांच्या ओळी म्हणायला सुरुवात केली. "क-ची? च-ची? ट-ची? त-ची? प-ची?" अंगठा उचलला गेला. "प? फ? ब?" पुन्हा अंगठा. मग य-ची ओळ, त्यातला स. काना-मात्रा, वेलांटी काही नाही. तेवढा दम कुणाला होता?

"ब, स. बस! ताई, आई म्हणतेय बसा." मुलीनं लगबगीनं स्टूल पुढं केलं.

दुभाषी बसली. नवऱ्याचं चालूच होतं. आजार कसा सुरू झाला, कोणत्या डॉक्टरनं काय सांगितलं. बाईंचा अंगठा पुन्हा हलायला लागला. पुन्हा ब, पुन्हा स.

"अगं बसल्यात त्या," मुलगी म्हणाली.

बाईंनी डोळे गच्च मिटले. तेव्हा कुठं दुभाषीच्या डोक्यात प्रकाश पडला. "काका," ती चाचरत म्हणाली, "मला वाटतं, त्या तुम्हाला 'बस' म्हणतायत. म्हणजे, पुरे."

मग बाईंच्या घशातून एक घरघर निघाली. ते हसणं होतं. नवराही ओशाळून हसला आणि शर्ट घेऊन पुढं निघून गेला.

त्यानंतर दुभाषी तिथं बरेचदा गेली. खरं तर दोन फेऱ्यांत काम भागलं असतं. पण इतर घरांत माणसं 'जे द्याल ते चालेल' म्हणायची, आणि इथं मागणारी भेटली होती. एकदा बाईंनी श, व, य अशी अक्षरं दिली आणि मुलगी पांढरीफटक पडली. "आई! शवयात्रा? असलं काय बोलतेस?" अंगठा चिडून चादरीवर आपटला. मुलीनं शय्या विचारलं, शेवट विचारलं, शेवटी रडवेली झाली. शब्द होता शिव्या. बाईंना पाटीत शिव्या हव्या होत्या. पाटीत भरलेली वाक्यं त्यांना दुभाषीनं वाचून दाखवली होती, 'कृपया मला मदत करा', 'आपला आभारी आहे', आणि ती ऐकून त्यांचा जीव आंबला होता. कसल्या शिव्या ते मात्र त्यांनी मुलीला बाहेर पाठवून दुभाषीला सांगितलं. तिनं कान लाल होईतो त्या लिहून घेतल्या आणि ऑफिसात रिक्वायरमेंट लिहिली: 'वापरणाऱ्याला स्वतःची वाक्यं भरता आली पाहिजेत.' ती एका झटक्यात मंजूर झाली.

दुसरी मागणी अवघड होती. मुलगी पुढं गल्ल्यावर बसली होती, नवरा कपडे पोचवायला गेला होता. दुभाषीनं स्वतः ओळी म्हणायला घेतल्या. तिनं मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी आपण शब्द ओळखायचा नाही, बाईंना पुरा करू द्यायचा. न, ळ, न, क.

"नळी नको?"

अंगठा वर.

कसली नळी, ते तिला माहीत होतं. आज ना उद्या छातीचे स्नायू थकणार, श्वास पुरेनासा होणार. तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी बसवतात आणि तिला श्वासाचं यंत्र जोडतात. मग माणूस जगतो. अंगठा गेला, डोळे गेले, तरी जगतोच.

"काकांना सांगितलंत?"

बाईंनी सांगितलं, अक्षर अक्षर करत, मध्ये दम खात. सांगितलं होतं. एकदा नाही, कितीदा. त्या न, ळ, न एवढंच म्हणेपर्यंत नवरा म्हणायचा, "हो हो, नळी नीट बसवतील, तू घाबरू नकोस." मुलीला सांगायला घेतलं की ती अर्ध्यावरच रडायला लागायची आणि ओळी म्हणायच्या थांबायच्या. दवाखान्यात डॉक्टर नवऱ्यालाच विचारायची. शेवटी बाईंनी ठरवलं होतं, पाटी येऊ दे. पाटी आली की डॉक्टरसमोर आपल्या तोंडानं सांगायचं. तोवर कुणाला बोलू नकोस, असंही त्यांनी दुभाषीला बजावलं. "नाहीतर आधीच घर डोक्यावर घेतील." आणि मग एक वाक्य, ज्याला बराच वेळ लागला. मी जे बोलेन ते माझंच असू दे.

दुभाषीनं त्यांच्या अंगठ्यावर हात ठेवला. तो गार होता. "असू देते," ती म्हणाली.

ऑफिसात बैठक भरली तेव्हा ती तयारीनं गेली होती. टेबलाच्या एका बाजूला साहेब, समोर मोजपट्टी. मोजपट्टी म्हणजे पाटीचा मुख्य इंजिनिअर; उंच, काटकुळा आणि मोजता येत नाही ते जगात नाही असं मानणारा. माणूस वाईट नव्हता.

तोवर पाटीत अंदाज आला होता. दोन अक्षरं दाबली की पाटीच पुढचे शब्द सुचवायची, आणि उजेडाचा पट्टा आधी त्या सुचवलेल्या शब्दांवरून जाऊन मग अक्षरांवर यायचा. त्यानं बोलणं भराभर व्हायचं. साहेब त्यावर बेहद्द खूश होते.

"ही काय ओळ आहे?" मोजपट्टीनं तिचा कागद पुढं धरला. "'वापरणाऱ्याचं बोलणं त्याचंच असलं पाहिजे.' याची चाचणी कशी घेऊ? पास कधी, नापास कधी?"

"त्याच्या खाली लिहिलंय," दुभाषी म्हणाली. "अंदाज पूर्ण बंद करता आला पाहिजे. आणि चालू असेल तेव्हा, कोणता शब्द अंदाजातून उचललाय आणि कोणता अक्षरं जोडून केलाय, ते बघणाऱ्याला दिसलं पाहिजे."

मोजपट्टी मनातल्या मनात हिशेब करायला लागला. "होण्यासारखं आहे. पण पडद्याची सगळी मांडणी पुन्हा करावी लागेल."

"आणि अंदाज बंद केला तर वाक्याला किती वेळ लागतो?" साहेबांनी विचारलं.

"तिप्पट तरी."

"मग बंद कोण करणार? आपण लोकांना लवकर बोलता यावं म्हणून हे करतोय ना?" साहेब दुभाषीकडं वळले. "हे कुणी मागितलं?"

"एका पेशंटनं."

"एका. आणि का?"

रोज हाच प्रश्न दुभाषी लोकांना विचारायची. का, कशासाठी, त्यानं काय होईल. 'का'शिवाय रिक्वायरमेंट म्हणजे नाव नसलेलं पोर, असं नव्या लोकांना तीच शिकवायची. आणि आज तिच्याकडं 'का' होता, पण तो दुसऱ्याचा होता, आणि झाकून ठेवायला दिलेला. "आपल्या तोंडी दुसऱ्यानं शब्द घातलेले कुणालाच आवडत नाहीत," ती कशीबशी म्हणाली.

"आवडणं वेगळं, गरज वेगळी. हे तुम्हीच सांगता." साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. "आपण नाही कुठं म्हणतोय? 'असलं तर बरं' करू. पुढच्या खेपेला घेऊ."

मोजपट्टीनं तिच्याकडं पाहिलं. तो बहुधा तिच्या भांडणाची वाट बघत होता. भांडली असती तर त्यानं साथही दिली असती, कोण जाणे. पण तिच्या मनात आलं की अजून अवकाश आहे. बाईंचा श्वास ठीक आहे. पुढची खेप फार लांब नाही. तिनं 'पाहिजे' खोडलं आणि स्वतःच्या हातानं 'असलं तर बरं' लिहिलं.

चाचणीची पहिली पाटी तोफेच्याच घरी गेली. तो दिवस त्या घरात सणासारखा गेला. मोजपट्टीनं जातीनं येऊन अंगठ्याखाली बटण बसवलं, उजेडाचा वेग जुळवला. बाईंनी बराच वेळ खटपट केली, आणि पाटीतून एक शांत, सुशिक्षित बाईचा आवाज आला: "मेल्या, माझी उशी गेल्या महिन्यापासून वाकडी आहे."

नवरा पुढून धावत आला. त्यानं उशी नीट केली आणि खाटेच्या कडेवर बसून लहान मुलासारखा रडला. "शिवी दिली तिनं मला," तो दुभाषीला सांगत होता. "ऐकलंत ना? मला शिवी दिली."

पुढं काही दिवस बाईंनी थकबाकी वसूल केली. पाटी खोलीतून दुकानापर्यंत ऐकू जायची. गिऱ्हाईकं मुद्दाम आत डोकावून चार शब्द खाऊन जायची. दुभाषीनं एकदा हळूच विचारलं, "मावशी, ते डॉक्टरांना सांगायचं होतं ना? मी बरोबर येऊ?" पट्टा सरकत राहिला, अंगठा दाबत राहिला. पाटी म्हणाली, "थांब गं. आत्ता भांडू दे."

दुभाषी हसली.

पण अंगठाही मंदावत होता. उजेड शब्दावरून पुढं सरकल्यावर दाब पडायचा आणि भलताच शब्द उचलला जायचा. एका दुपारी बाईंनी 'पाणी' एवढं जोडलं, पाटीनं 'पाणी हवं' आणि 'पाणी नको' असं पुढं केलं, आणि उशिरा पडलेल्या दाबानं दुसरं उचललं. नवऱ्यानं तोंडाशी आणलेला पेला परत नेला. बाई दुपारभर तहानेल्या राहिल्या. संध्याकाळी उलगडा झाला तेव्हा नवऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला, आणि त्याचा पाटीवरचा विश्वास उडाला तो कायमचा. "बाईच्या तोंडी यंत्राची जीभ," तो म्हणायचा.

दुभाषीनं ऑफिसात येऊन वेग कमी करण्याची नोंद केली. तिची 'असलं तर बरं'ची ओळ कुठं आहे, असंही विचारलं. रांगेत आहे, असं उत्तर मिळालं.

आणि एका सकाळी मुलीचा फोन आला. "ताई, आईला दवाखान्यात आणलंय. श्वास लागलाय. डॉक्टर म्हणतायत कंपनीचं कुणीतरी या, पाटी काहीतरीच बोलतेय."

दुभाषी पोचली तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. बाईंच्या तोंडावर मास्क, ओठ निळसर, सगळं अंग श्वासाबरोबर हेलकावत होतं. पाटी छातीसमोर अडकवलेली. छातीची डॉक्टर पन्नाशीची, थकलेल्या डोळ्यांची, पण आवाज न चढवणारी बाई होती. तिनं दुभाषीला बाजूला घेतलं नाही. सगळ्यांसमोरच बोलली, आणि ते बरं केलं.

"मी यांना विचारलं, नळी बसवायची का? पाटी म्हणाली, नळी नको. एवढी मोठी गोष्ट, म्हणून मी पुन्हा विचारलं. पाटी म्हणाली, नळी हवी. तिसऱ्यांदा विचारलं..."

"तिसऱ्यांदा म्हणते, नळी दुखते!" नवरा मध्येच ओरडला. "अजून बसवलेली नाही ती नळी दुखते? डॉक्टर, हे यंत्र बोलतंय. माझी बायको नाही बोलत."

दुभाषीनं पाटीच्या पडद्याकडं पाहिलं. 'नळी' हा शब्द जोडलेला होता, आणि त्याच्यावर पाटीनं आपल्या परीनं मदत म्हणून मांडलेली तीन वाक्यं होती. नको, हवी, दुखते. उजेड त्यांच्यावरून फिरत होता आणि अंगठा थरथरत होता, उजेडाशी काही संबंध नसल्यासारखा.

"नुसता अंगठा उचलायला, डोळे मिटायला सांगून पाहिलं," डॉक्टर म्हणाली. "पण अंग इतकं हलतंय की अंगठा उचलला की हलला, ते मला कळत नाही. डोळे तर धापेनं सारखेच मिटतायत. प्राणवायूही कमी पडतोय, त्यामुळे भान किती आहे हाही प्रश्न आहे. तुम्ही हे यंत्र बनवता. मला एवढंच सांगा, पहिलं वाक्य यांनी स्वतः म्हटलं की यंत्रानं?"

"ते... यंत्राला सांगता येत नाही," दुभाषी म्हणाली. "पण मला माहीत आहे. त्यांनी मला आधी सांगितलंय. पाटी यायच्या आधी, अक्षरं जोडून. त्यांना नळी नकोय."

नवरा गर्रकन वळला. "तुम्हाला सांगितलं? तुम्ही कोण? मी तिचा नवरा. मला नाही सांगितलं आणि तुम्हाला सांगितलं?"

"तुम्हालाही सांगितलं होतं काका. तुम्ही..."

"आणखी कुणी होतं तेव्हा?" डॉक्टरनं विचारलं.

"नाही. मीच ओळी म्हणत होते."

डॉक्टरनं मुलीकडं पाहिलं. मुलगी पडदा मुठीत धरून उभी होती. ती म्हणाली, "मला नाही माहीत. आईनं मला कधी... मला नाही माहीत." आणि ती खाली बसली.

डॉक्टरनं एकदा बाईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं. बाई सरळ दुभाषीकडं बघत होत्या. "तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाली. "पण बाहेरच्या एका माणसाच्या आठवणीवर मी एखाद्याला जाऊ देऊ शकत नाही. खात्री नसेल तेव्हा मला जगवावंच लागतं."

तिचं चूक नव्हतं. दुभाषीला त्यात बोट ठेवायला जागा सापडली नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. परिचारिका पाटी काढून दुभाषीच्या हातात देऊन गेली. दुपारपर्यंत नळी बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुभाषीनं मोजपट्टीला सगळं सांगितलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे तेव्हा सांगितलं असतंस तर..." आणि थांबला. मग कामाला लागला. थोड्याच दिवसांत त्यानं तिच्या टेबलावर एक पाटी आणून ठेवली. अंदाज पूर्ण बंद. वेग निम्मा. दाब उशिरा पडला तर आधीचं अक्षर मोजणारी. "तुझी ती ओळ," तो म्हणाला. साहेबांना विचारलं का, असं तिनं विचारलं नाही.

बाई घरी आल्या होत्या. गळ्यात नळी, उशाशी श्वासाचं यंत्र, भात्यासारखं वरखाली होणारं. नवरा दुकान अर्धा दिवस बंद ठेवायला लागला होता. नळीतला कफ ओढून काढायला तो शिकला होता, आणि ते तो इतक्या हलक्या हातानं करायचा की दवाखान्यातल्या परिचारिकेलाही जमणार नाही. दुभाषीशी मात्र तो बोलला नाही. फक्त दारातून बाजूला झाला.

तिनं पाटी बसवली. "काका," ती म्हणाली, "ही पाटी काही सुचवत नाही. जे येईल ते त्यांचंच. वेळ लागेल. पण कृपा करून मध्ये बोलू नका."

नवरा खाटेसमोरच्या स्टुलावर बसला. हात मांडीवर, तळवे वर. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. उजेड सरकायला लागला. यंत्राचा भाता वर गेला, खाली आला. एकेक अक्षर उमटत होतं आणि त्यांच्यामध्ये इतका वेळ जात होता की बाहेर एक गिऱ्हाईक हाका मारून मारून निघून गेलं. मध्ये एकदा नवऱ्याचे ओठ हलले. त्यानं हातानं तोंड दाबून धरलं. दुपार कलली. अखेर पाटी बोलली, त्याच शांत आवाजात.

"मला नळी नको होती. तुला माहीत होतं. आता काढ. मी दमले."

खोलीत भात्याचा आवाज तेवढा होता. मुलगी भिंतीकडं तोंड करून रडत होती, आवाज न करता.

नवऱ्यानं पाटीकडं पाहिलं. मग बायकोकडं. "ऐकलं मी," तो म्हणाला. "सगळं ऐकलं. आधीही ऐकलं होतं बहुतेक." त्यानं नाक पुसलं. "पण माझ्याच्यानं नाही होणार गं. तू शिव्या दे, काय वाटेल ते कर. हात लावायला सांगू नकोस मला त्या नळीला. काढायला म्हणून."

अंगठा पुन्हा हलायला लागला. सगळे थांबले. जे आलं ती शिवी होती, दुभाषीनं कान लाल होईतो लिहून घेतलेल्यांपैकी सगळ्यात जहरी. नवऱ्यानं ती मान खाली घालून घेतली. या खेपेला तो रडला नाही.

डॉक्टरकडं दुभाषी आणि मुलगी दोघी मिळून गेल्या. डॉक्टर घरी येऊन गेली, पाटीसमोर स्वतः बसली, बाईंचं म्हणणं स्वतःच्या डोळ्यांनी अक्षर अक्षर उमटताना बघितलं आणि मान्य केलं की हे त्यांचंच आहे. पण नळी न बसवणं वेगळं आणि बसवलेली काढणं वेगळं, असं ती म्हणाली. त्यासाठी दवाखान्याची समिती बसते, घरच्यांची संमती लागते. मुलगी म्हणाली, मी देते. नवऱ्यानं नकार दिला. समितीनं आणखी मत मागवलं. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिले, आणि त्याच काळात कधीतरी अंगठा थांबला. नेमका कोणत्या दिवशी, ते कुणालाच सांगता आलं नाही. एके सकाळी मुलीनं बटण पुढं केलं आणि उजेड नुसताच फिरत राहिला.

बाई त्यानंतरही हिवाळाभर जगल्या. डोळे बराच काळ ओळखीचे होते, मग तेही कुठंतरी वरच खिळले. छातीत पाणी झालं आणि यंत्र चालू असतानाच त्या गेल्या.

दुभाषी पाटी परत न्यायला गेली ती त्यानंतर. मुलगी एकटीच मागच्या खोलीत चादरींच्या घड्या करत होती. तिनं पाटी काढून दिली, पुसून, वायर गुंडाळून. मग म्हणाली, "ताई, आईनं तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं."

"ती तसं म्हणणारच. पण तुम्ही सगळ्यांना विचारत फिरता ना, काय हवं, का हवं. मला एकदा विचारायचं होतं. मी रडले असते. पण रडून झाल्यावर ऐकलं असतं." ती घडी घालत राहिली. "त्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा मला हो म्हणता आलं असतं."

"विचारायला हवं होतं," दुभाषी म्हणाली. मुलीनं मान हलवली आणि पुढची चादर घेतली.

पुढं दुकानात नवरा इस्त्री करत होता. ती पाटी काखेत धरून पायरी उतरणार, तोच त्यानं हाक मारली.

"बाई, एक विचारू? तुम्हाला ती खरं सांगायची." इस्त्री हवेतच होती. "शेवटपर्यंत राग होता का तिला माझा?"

तिला खोटं बोलता आलं असतं. क्षणभर तिनं तसा विचारही केला.

"होता," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. शर्टाची बाही पालथी केली, पाण्याचा हबका मारला, इस्त्री टेकवली. वाफ निघाली. "असणारच," तो म्हणाला. "पण परत वेळ आली तरी मी तेच करेन. मला दुसरं येत नाही."

एक गिऱ्हाईक गाठोडं घेऊन पायरी चढत होतं. दुभाषीनं त्याला वाट दिली आणि ती रस्त्याला लागली.